हवा हवी, वारा नको

(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या पौषांत आमच्या घरीं नातीचा जन्म झाला. मुलगी पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. नाशिकच्या थंडीची ज्यांस ओळख आहे त्यांस सांगावयास नको कीं, त्या दिवसांत पहाटे पारा कधीं कधीं आठ-नऊ अंशांपर्यंत उतरतो आणि फरशीवर पाऊल ठेववत नाहीं. माझ्या आईचें वय शहाऐंशी. बाळंतिणीची खोली कशी असावी, याविषयीं तिचीं मतें ठाम आहेत. तिच्या आज्ञेनें खिडक्या लावून घेतल्या, दाराखालच्या फटीला जुनें पोतें लावलें, दारावर जाड पडदा सोडला आणि खाटेपासून दोन हातांवर लोखंडी शेगडींत कोळसे फुलवून ठेवले. सकाळ-संध्याकाळ त्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी होत असे. मीं तीस वर्षांहून अधिक काळ शाळेंत मुलांना शिकविलें आहे. पेल्याखालीं झांकलेली मेणबत्ती थोड्याच वेळांत विझते, हा प्रयोग मीं किती वर्गांना करून दाखविला याची गणती नाहीं. तरीसुद्धां त्या खोलीच्या दारांत उभा राहून मी एवढेंच म्हणालों, "खोली कशी छान उबदार झाली आहे!"

आठव्या दिवशीं पहाटे मुलीची हांक आली. "बाबा, डोकें फार दुखतंय, आणि उठायला गेलें कीं तोल जातोय." तिला उलटीहि झाली. मूल अंगावर पीत नव्हतें. ग्लानींत असल्यासारखें पडून होतें. आई म्हणाली, "थंडी बाधली रे! आणखी चार कोळसे घाल." मीं खरोखरच चिमटा हातीं घेतला. शेगडीपुढें वाकलों, दोन-चार मिनिटें फुंकर घालीत बसलों, आणि माझ्याहि कानशिलांत ठणका सुरू झाला. तेव्हां कोठें माझ्या डोक्यांत प्रकाश पडला. पडदा ओढून काढला, खिडक्या सताड उघडल्या, दोघींना पांघरुणांत गुंडाळून बाहेर आणलें आणि तसेंच रुग्णालय गांठलें. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "खोलींत कांहीं जळत होतें का?" दोघींना प्राणवायु देण्यांत आला व सायंकाळपर्यंत धोका टळला. आणखी दोन तास ती हांक आली नसती तर काय झालें असतें, हा विचार अजूनहि माझी झोंप मोडतो. तेव्हां आजचें हें बोलणें एका चुकलेल्या गृहस्थाचें आहे असें आपण समजावें.

या प्रकारांतील अपराधी कोण, तें आधीं सांगतों. कोळसा भरपूर हवेंत जळला म्हणजे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवा अपुरी पडली, किंवा निखाऱ्यांचा थर जाड असला, म्हणजे त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. याला रंग नाहीं, वास नाहीं, तो डोळ्यांना झोंबतहि नाहीं. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिन हें द्रव्य फुप्फुसांतून प्राणवायु उचलून शरीरभर पोंचवितें. परंतु या विषारी वायूला तें प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट धरून ठेवतें. मग श्वास चालू असतो, रक्त वाहत असतें, आणि तरीहि मेंदूला व हृदयाला प्राणवायु मिळत नाहीं. रक्तांत शिरलेला हा वायु निम्मा निघून जाण्यास साध्या हवेंत चार-पांच तास लागतात. शुद्ध प्राणवायु दिला तर एक-दीड तास. निखारे लाल फुलले आणि धूर थांबला म्हणजे शेगडी निर्धोक झाली, अशी आपली समजूत आहे. ही समजूत घातक आहे. धूर निदान माणसाला खोकला आणून जागें तरी करतो; बिनधुराचे निखारे त्याला झोंपेंतच गांठतात.

रुग्णालयांतून परत आल्यावर आईनें मला एक प्रश्न विचारला. "याच शेगडीशीं मीं पांच बाळंतपणें काढलीं. तेव्हां कसें कोणाला कांहीं झालें नाहीं?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचें उत्तर मला तत्काळ सुचलें नाहीं. थोड्या वेळानें तीच आठवून म्हणाली, "तेव्हां कौलांतून चांदणें दिसायचें रे अंथरुणावर." उत्तर तिच्या या वाक्यांतच होतें. ज्या कौलांतून चांदणें आंत येतें, त्या कौलांतून खोलींतली ऊन हवा रात्रभर बाहेर जात असते. तें घर मातीच्या भिंतींचें, आढ्यापर्यंत उंच, आणि त्याचीं दारें अशीं कीं कडी घातली तरी बोटभर फट राहावी. त्या घराची हवा आपोआप बदलत असे. घरांतल्या माणसांस त्यासाठीं कांहीं करावें लागत नसे. आजची आमची खोली सिमेंटची आहे. वर स्लॅब, भिंतींना गिलावा, खिडक्यांना ॲल्युमिनियमची चौकट, आणि त्या चौकटींत रबराची पट्टी. आम्हीं घर बदललें आणि शेगडी मात्र जुनीच ठेवली. जुन्या घरांतहि सर्व कांहीं ठीक होतें असें मी म्हणत नाहीं. चुलीच्या धुरानें किती मायबहिणींचे डोळे आणि किती जणींच्या छात्या गेल्या, हें ज्यानें त्यानें आपल्याच घरांत आठवून पाहावें.

शेगडी त्याच दिवशीं खोलीबाहेर गेली. येथें हेंहि सांगून ठेवतों कीं, एखादी खिडकी उघडी ठेवल्यानें निखाऱ्यांशेजारीं निजणें सुरक्षित होत नाहीं. निजण्याच्या खोलींत कोळसा नकोच. पण शेगडी गेली तरी प्रश्न संपला नाहीं. खिडक्या उघडण्यास आई मुळींच तयार नव्हती. तिचें म्हणणें एकच: "ओल्या बाळंतिणीला वारा बाधतो." मीं तिला सांगितलें, "आई, तुला वारा नको आहे आणि डॉक्टरांना हवा हवी आहे. या दोन वस्तु वेगळ्या आहेत." अंगावर थेट येणारा गार झोत अंगाची ऊब हिरावून नेतो, आणि नवजात बालकाला तो खरोखरच अपायकारक असतो; त्याच्या इवल्याशा देहांतून उष्णता लवकर निघून जाते. म्हणून आईची भीति निराधार नव्हती. परंतु खोलींतील हवा बदलण्यास अंगावर झोत यावाच लागतो असें नाहीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८६० च्या सुमारास घरोघरच्या शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांसाठीं एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्यांतील पहिलाच नियम हवेविषयीं आहे, आणि शुद्ध हवा व रोग्याची ऊब या दोन्ही गोष्टी त्यांनीं त्या एकाच नियमांत गुंफल्या आहेत.

आतां शेगडी नसलेल्या, परंतु बंद खोलींत काय घडतें तें पाहूं. पुष्कळांची कल्पना असते कीं बंद खोलींत प्राणवायु संपतो. तसें होत नाहीं. दोन माणसें रात्रभर निजलीं तरी शेंकडा एकवीसच्या आसपास असलेला प्राणवायु वीसच्या खालीं उतरत नाहीं. बदल होतो तो दुसऱ्या वायूंत. बाहेरच्या हवेंत आज दहा हजार भागांत चारांहून किंचित अधिक भाग कार्बन डायऑक्साइड असतो. आपल्या उच्छ्वासांत तो दहा हजारांत सुमारें चारशें भाग असतो. जर्मनींतील म्यूनिक शहरीं माक्स फोन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञानें १८५८ सालीं असें मांडलें कीं, खोलींतील हवेंत हा वायु दहा हजारांत दहा भागांहून अधिक नसावा. एवढ्या प्रमाणांत तो स्वतः विषारी नाहीं, हें त्यालाहि ठाऊक होतें. परंतु माणसांच्या श्वासाबरोबर व अंगाबरोबर खोलींत जें जें सांचतें, त्या सर्वांचें हें माप आहे, असें त्यानें दाखवून दिलें. दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच अशी खोली घ्या. तींत दोन माणसें दारें-खिडक्या घट्ट लावून निजलीं, तर ही मर्यादा पहिल्या एक-दोन तासांतच ओलांडली जाते. सकाळीं डोकें जड, तोंड बेचव, आणि आठ तास निजूनहि शीण गेला नाहीं, अशी तक्रार घरोघर ऐकूं येते. तिचें एक कारण बंद खिडकींत असतें. खोलींत असणाऱ्याला मात्र तो कोंदटपणा जाणवत नाहीं. बाहेरून येणाऱ्याला दारांतच जाणवतो.

श्वासाबरोबर ओलहि बाहेर पडते. दोन माणसें एका रात्रींत सुमारें अर्धा लिटर पाणी वाफेच्या रूपानें हवेंत सोडतात. शिवाय न्हाणीघराची वाफ, स्वयंपाकाची वाफ, आणि पावसाळ्यांत घरांतच दोरीवर वाळत घातलेले कपडे. ही ओल जावी कोठें? ती गार भिंत शोधते. कपाटामागें, खिडकीच्या खालच्या बाजूस, बाहेरच्या भिंतींच्या कोंपऱ्यांत काळपट बुरशी धरते, ती अशा रीतीनें. आपण ती पुसतों, वर रंग देतों. दोन महिन्यांनीं ती पुन्हां येते. दमेकऱ्याला आणि लहान मुलांच्या छातीला ही बुरशी फार जाचते.

तिसरी गोष्ट रोगजंतूंची. क्षयाचा जंतु रोबर्ट कोख यानें १८८२ सालीं जगापुढें मांडला. रोगी खोकतो किंवा नुसता बोलतो तेव्हां अतिसूक्ष्म तुषार हवेंत तरंगत राहतात, आणि बंद खोलींत ते तासन् तास टिकतात. क्षयावर औषध नव्हतें त्या काळीं मिरज, पांचगणी येथील आरोग्यधामांत रोग्यांना मोकळ्या व्हरांड्यांत निजवीत. नुसत्या मोकळ्या हवेनें क्षय बरा होतो, ही त्या काळची आशा टिकली नाहीं; तो आज औषधांनीं बरा होतो. परंतु मोकळ्या हवेनें तो पसरण्यास आळा बसतो, हें खरें ठरलें. पेरू देशाची राजधानी लिमा येथील रुग्णालयांत याचें मोजमाप झालें व तें २००७ सालीं प्रसिद्ध झालें. दारें-खिडक्या उघडल्या असतां, उंच छत व मोठ्या खिडक्या असलेल्या जुन्या खोल्यांतील हवा नव्या पद्धतीच्या खोल्यांपेक्षां कितीतरी अधिक वेळां बदलते, असें त्यांत आढळलें. आणि २०२० सालच्या करोनाच्या सांथीनें हाच धडा आपणां सर्वांना पुन्हां शिकविला.

इतकें ऐकून आपण म्हणाल, "मास्तर, सर्व मान्य, पण खिडकी उघडली म्हणजे ऊब जाते, तिचें काय?" येथें एक छोटेंसें गणित करूं. मघांच्याच खोलींत जी हवा आहे तिचें वजन सुमारें चाळीस किलो भरतें. हवेला वजन असतें हें मुलांना सहसा खरें वाटत नाहीं. मोठ्यांनाहि वाटत नाहीं. ही सर्वच्या सर्व हवा बाहेर घालविली आणि तिच्या जागीं दहा अंशांनीं गार अशी हवा घेतली, तर ती पुन्हां पूर्ववत् ऊन करण्यास किती उष्णता लागेल? सव्वा लिटर पाण्याला उकळी आणण्यास लागते, तितकी. म्हणजे सात-आठ कप चहाच्या आधणाइतकी. आतां खोलीच्या भिंती घ्या. नऊ इंची विटांच्या चार भिंतींचें वजन, दारें-खिडक्या वजा जातां, चौदा-पंधरा टन होतें. तितक्याच अंशांना या भिंतींत सांठलेली उष्णता हवेंतील उष्णतेच्या जवळजवळ तीनशें पट असते. भिंतीची निम्मीच जाडी जमेस धरली तरी ती दीडशें पट आहे. याचा अर्थ असा कीं, घराची ऊब भिंतींत, फरशींत, छतांत आणि अंथरुणांत असते. हवेंत तिचा अंश अगदीं थोडा. हवा झटकन् बदलून खिडकी लावली, तर भिंती त्या नव्या हवेला थोड्याच मिनिटांत ऊन करतात, आणि इतकें करूनहि त्यांचें कांहीं वजा झालेलें दिसत नाहीं. याउलट, खिडकी दिवसरात्र किलकिली ठेवली, तर हवा बदलते बेताची, पण तिच्याभोंवतींची भिंत हळूहळू गार पडत जाते, आणि गार भिंतीवर ओल धरते. तेव्हां नियम सोपा आहे: हवा लवकर बदलावी, भिंती गार होऊं देऊं नयेत.

हा नियम मला पुस्तकांत भेटण्यापूर्वीं माझ्या भाच्यानें सांगितला. तो नोकरीनिमित्त म्यूनिकला राहतो. तेथील थंडींत पारा शून्याखालीं जातो. पहिल्याच हिवाळ्यांत घरमालकीणबाईंनीं त्याला हाताशीं धरून शिकविलें कीं, दिवसांतून दोन-तीन वेळां समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडावयाच्या, पांच-दहा मिनिटांनीं लावावयाच्या, आणि तितका वेळ खोली तापविण्याचें यंत्र बंद ठेवावयाचें. यासाठीं त्यांच्या भाषेंत 'श्टोसल्युफ्टन' असा स्वतंत्र शब्दच आहे. भाचा मला म्हणाला, "मामा, मीं खिडक्या उघडल्या नाहींत तर भिंतीला बुरशी येते आणि भाडेकरू म्हणून दोष माझ्यावर येतो." त्याच देशांत डार्मश्टाट गांवीं १९९१ सालापासून वापरांत असलेल्या एका घरांत याहि पुढचें पाऊल टाकलेलें आहे. बाहेर जाणारी ऊन हवा आणि आंत येणारी गार हवा यांना पातळ पडद्यांच्या दोहों बाजूंनीं शेजारून नेतात. दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहींत, पण जाणारी आपली बरीचशी ऊब येणारीच्या हवालीं करून जाते. आपल्याकडील थंडीला अशा यंत्राची गरज नाहीं. आपणांस सूर्य पुरेसा आहे.

तो कसा, तें सांगतों. आपल्याकडे थंडींत दुपारचें ऊन चांगलें कडक असतें. सकाळीं साडेनऊ-दहाच्या सुमारास, बाहेरची हवा घरांतल्या हवेपेक्षां ऊन होऊं लागली म्हणजे खिडक्या-दारें खुशाल उघडावीं व दुपारीं चारपर्यंत उघडीं ठेवावीं. त्या वेळांत हवाहि बदलते आणि भिंती व फरशी ऊबहि सांठवितात. सूर्य कलला कीं खिडक्या लावाव्या. डांसहि त्याच वेळीं येतात. रात्रीं निजण्यापूर्वीं समोरासमोरचीं दोन दारें वा खिडक्या सात-आठ मिनिटें पूर्ण उघडून लावाव्या. तेवढा वेळ बाळंतीण, मूल, म्हातारें माणूस यांना शेजारच्या खोलींत बसवावें. आमच्या घरीं हाच तोडगा निघाला, आणि आईनें तो मान्य केला; कारण यांत हवा येते, पण वारा कोणाच्याहि अंगावर येत नाहीं. सकाळीं उन्हें आल्यावर पुन्हां तसेंच करावें. घर एकाच बाजूस खिडक्या असलेलें असेल, तर खोलीचें दार व जिन्याकडील दार उघडून हवेला वाट करून द्यावी. हवा एका वाटेनें येते तेव्हां तिला जाण्यास दुसरी वाट हवीच.

मग मधल्या सात-आठ तासांचें काय? निजण्यापूर्वीं घेतलेली हवा एक-दोन तासांत शिळी होते हें आपण मघांच पाहिलें. म्हणून रात्रीं छताजवळचा झरोका उघडा असावा आणि दाराखालीं बोटभर फट असावी. ऊन हवा हलकी असल्यामुळें वरून बाहेर पडते व तिच्या जागीं खालून ताजी हवा हळूच येते. या मार्गानें खोलींतील हवा तासाला एकदां बदलली, तर दोन माणसांच्या खोलींतील हवा पेटेनकोफरच्या मर्यादेच्या जवळपास राहते. ऊब किती जाईल? दर तासाला तेंच सात-आठ कपांचें आधण. आणि आतां मौज अशी कीं, निजलेलें माणूस सुमारें सत्तर वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर टाकीत असतें. दोन माणसें मिळून तासाभरांत जवळजवळ त्या आधणाइतकीच ऊब खोलीला परत देतात. खाट मात्र दार आणि खिडकी यांच्या सरळ रेषेंत ठेवूं नये, आणि पांघरूण नाका-तोंडावरून घेऊं नये. ऊब गोधडीनें, टोपीनें, मोज्यांनीं मिळवावी. पूर्वीं घर बांधतांना प्रत्येक खोलीला झरोका ठेवीत. हल्लीं तो ठेवलेला असला तर आपण त्यावर पुठ्ठा ठोकतों. तो पुठ्ठा आजच काढावा, अशी माझी विनंति आहे.

आतां न्हाणीघराकडे वळूं. तें अगदीं लहान, वाफेनें भरलेलें, आणि थंडींत झरोका बंद केलेलें. त्यांतच गॅसचा गीझर बसविलेला असला, तर आमच्या शेगडीचीच ही दुसरी आवृत्ति. गॅस जळून तेथील हवा थोड्याच मिनिटांत अपुरी पडते, आणि तोच बिनवासाचा वायु निर्माण होतो. आंघोळीला गेलेलें माणूस बाहेर आलें नाहीं, दार फोडावें लागलें, अशा बातम्या दर हिवाळ्यांत वर्तमानपत्रांत येतात. गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या जागीं असावा व त्याचा धूर नळीनें घराबाहेर जावा. तो आंतच असेल, तर हलविण्यास उशीर करूं नये. तोंपर्यंत दार व झरोका उघडा ठेवून आधीं बादली भरावी, गीझर बंद करावा, हवा जाऊं द्यावी, आणि मगच आंघोळीस बसावें. डोकें दुखणें, मळमळ, चक्कर, पाय गळून जाणें हीं याचीं पहिलीं लक्षणें. एकाच घरांतील दोघां-तिघांना एकाच वेळीं असें होऊं लागलें, तर तें पित्त किंवा थंडी समजूं नये. दारें उघडावीं, आधीं सर्वांनीं बाहेर पडावें, आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

स्वयंपाकघराचा नियमहि हाच. शेगडी गॅसची असली तरी फोडणीचा धूर, वाफ आणि जळलेला वायु यांना बाहेर जावयास वाट हवी. धूर ओढणारा पंखा लावला असेल, तर एक खिडकी किंवा दार थोडें उघडें असावें. सर्व बंद करून नुसता पंखा फिरविला, तर त्यानें ओढावयाची हवा येणार कोठून?

बाहेरची हवा सदैव शुद्धच असते असें नाहीं. शहरांत हिवाळ्याच्या पहाटे गार हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूर तिच्यांतच कोंडतो. कोणी पालापाचोळा जाळीत असेल तर तो वेगळाच. अशा वेळीं खिडकी लावून ठेवावी, ऊन पडून धुकें विरलें म्हणजे उघडावी. आणि उन्हाळ्यांत हाच नियम उलटा लावावा. विदर्भांतील मंडळींना तें सांगण्याची गरज नाहीं. तेथें भर दुपारीं खिडक्या लावून घेतात आणि रात्रीं सर्व घर उघडें टाकतात, म्हणजे भिंती रात्रभर निवतात आणि दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत तो गारवा पुरतो. थंडींत भिंतींची ऊब राखावी, उन्हाळ्यांत भिंतींचा गारवा राखावा. हवा मात्र दोन्ही ऋतूंत बदलत राहावी.

श्रोतेहो, थंडी पुन्हां तोंडावर आली आहे. नात आतां आपल्या घरीं, आपल्या आईच्या मागें रांगत असते. आमची ती लोखंडी शेगडी अंगणांत आहे. तिच्यावर आई कधीं कधीं वांगें भाजते. रात्रीं नऊ वाजले कीं मी खिडक्या उघडतों. आई कानांना लोकरी रुमाल गुंडाळून आंतल्या खोलींत जाऊन बसते आणि तेथून विचारते, "अरे, झालीं का तुझीं सात मिनिटें?" मी म्हणतों, "झालीं, आई." मग खिडक्या लावतों, झरोका तेवढा उघडा ठेवतों, आणि आम्ही निजतों. आपणहि आज निजण्यापूर्वीं घड्याळाकडे पाहून तेवढीं सात मिनिटें काढावीं, एवढें सांगून आपली रजा घेतों.